डग्लस फरच्या फांद्यांपासून विमान-इंधनापर्यंत: लाकूड 'तयार' करण्याच्या टप्प्याचा प्रकरण अभ्यास

१४ नोव्हेंबर २०१६ रोजी अलास्का एअरलाइन्सचे एक प्रवासी विमान सिएटलहून वॉशिंग्टन डीसीला गेले, तेव्हा त्याच्या इंधनातील २० टक्के भाग लाकडापासून तयार केलेला होता. हे लाकूड म्हणजे इमारती लाकडासाठी केलेल्या तोडीनंतर जंगलात मागे राहणाऱ्या फांद्या, शेंडे आणि मोडके तुकडे होते. वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाच्या नेतृत्वाखाली चाललेल्या 'नॉर्थवेस्ट अॅडव्हान्स्ड रिन्यूएबल्स अलायन्स', म्हणजेच 'नारा', या प्रकल्पाचा तो शेवटचा आणि सर्वांत गाजलेला टप्पा होता. अमेरिकेच्या कृषी खात्याने २०११ मध्ये या प्रकल्पाला सुमारे चार कोटी डॉलरचे पाच वर्षांचे अनुदान दिले होते आणि त्यातून या उड्डाणासाठी १,०८० गॅलन, म्हणजे सुमारे ४,१०० लिटर, जैवइंधन तयार झाले.

या उड्डाणाविषयी जे लिहिले गेले त्यात यीस्ट, त्याने साखरेपासून बनवलेले आयसोब्युटेनॉल हे अल्कोहोल आणि कार्बन उत्सर्जन यांनाच बहुतेक जागा मिळाली. प्रस्तुत अभ्यासाचा विषय मात्र त्याआधीचा आहे. फांद्यांचा ढीग जंगलातून उचलल्यापासून त्यातील सेल्युलोज ते तोडून साखर करणाऱ्या विकरांच्या (एन्झाइमांच्या) हाती लागेपर्यंत त्या लाकडावर काय काय करावे लागते आणि त्यातील प्रत्येक निर्णय पुढच्या टप्प्याचे हात कसे बांधतो, हे येथे पाहायचे आहे. माझ्या मते या प्रकरणातले खरे अवघड काम याच भागात होते. साखर हाती आल्यानंतरची रसायनक्रिया तुलनेने ओळखीच्या वाटेने जाते.

कच्चा माल नेमका काय होता

अमेरिकेच्या वायव्य भागातील व्यापारी जंगलांत डग्लस फर हा मुख्य वृक्ष आहे. तोडीनंतर सरळ ओंडके गिरणीकडे जातात आणि उरलेला पसारा रस्त्याकडेच्या मोकळ्या जागेत, जिथे ट्रक भरले जातात तिथे, ढीग करून ठेवला जातो. एरवी हे ढीग पावसाळी हंगामात तिथेच जाळून टाकण्याची पद्धत आहे, आणि कच्चा माल म्हणून त्यांचे मोल शून्याच्या जवळ आहे असे प्रथमदर्शनी वाटते ते त्यामुळेच. उड्डाणासाठीचे लाकूड वेयरहाउजर या कंपनीकडून आणि मकलशूट व सेलिश-कूटनाय या आदिवासी समुदायांच्या जंगलांतून आले होते.

स्वच्छ, सोललेल्या डग्लस फरच्या खोडात साधारण साठ-पासष्ट टक्के बहुशर्करा, म्हणजे सेल्युलोज आणि हेमिसेल्युलोज, असतात. लिग्निन, म्हणजे पेशींना जोडून ठेवणारा पदार्थ, तीस टक्क्यांच्या आसपास असते आणि राख अर्ध्या टक्क्यापेक्षा कमी भरते. फांद्यांच्या ढिगात हे चित्र बदलते. बारीक फांदीत लाकडाच्या मानाने सालीचे प्रमाण जास्त असते, सालीत राख कित्येक पटींनी अधिक असते आणि तिच्यातील टॅनिन व मेणासारखे पदार्थ पुढच्या रसायनांशी उगाचच गुंततात. सुयांमध्ये नायट्रोजन आणि राळेसारखी द्रव्ये असतात. शिवाय ढीग जमिनीवरून ओढत आणला जातो, त्यामुळे त्यात माती, खडे आणि क्वचित मोठे दगडही येतात. म्हणजे एकाच ट्रकमधून चांगले लाकूड, साल, पालापाचोळा आणि माती अशा चार वेगवेगळ्या वस्तू येतात आणि कारखान्याला यांपैकी फक्त पहिलीचा उपयोग असतो.

दुसरी अडचण वृक्षाच्या जातीचीच आहे. गवत, पेंढा किंवा रुंदपर्णी झाडांचे लाकूड गरम पाण्याने अथवा सौम्य आम्लाने बऱ्यापैकी सैल होते, पण सूचीपर्णी लाकूड तसे होत नाही. त्यातील लिग्निन जवळजवळ पूर्णपणे एकाच प्रकारच्या, ग्वायसिल, घटकांचे बनलेले असल्याने त्यात कार्बन-कार्बन बंधांचे प्रमाण जास्त असते. हे बंध आम्लाने तुटत नाहीत. उलट आम्ल आणि उष्णता एकत्र आली की लिग्निनचे तुकडे पुन्हा एकमेकांना घट्ट जोडले जातात. 'नारा'ने आपल्या प्रदेशात मुबलक असलेला कच्चा माल निवडला हे योग्यच होते, परंतु त्या निवडीबरोबर जैवइंधनासाठी सर्वांत हट्टी समजला जाणारा लाकडाचा प्रकार त्याच्या पदरात पडला.

जंगलातील यंत्र आणि ओलावा

सैल फांद्यांनी भरलेल्या ट्रकमध्ये बहुतांश हवाच असते, त्यामुळे माल जागेवरच बारीक करून नेणे भाग पडते. त्यासाठी दोन प्रकारची यंत्रे आहेत. धारदार पात्यांचे यंत्र लाकूड कापून नीटस, सपाट चिप्स देते, पण एखादा दगड आत गेला की पात्यांची धार जाते. हातोड्यांचे यंत्र लाकूड ठोकून फोडते. ते माती-दगडांना दाद देत नाही, पण त्यातून पडणारा माल ओबडधोबड असतो: मुठीएवढे तुकडे, लांब चिंध्यांसारख्या काटक्या आणि पीठ, सगळे एकत्र. मातीने माखलेल्या फांद्यांसाठी व्यवहारात हातोड्यांचेच यंत्र वापरले जाते. लांब काटक्या पुढे नरसाळ्यात एकमेकींत अडकून कमान धरतात आणि माल खाली उतरणे थांबते. घन पदार्थ हाताळणाऱ्या जैवइंधन कारखान्यांचे कामाचे तास खाणारी ही सर्वांत सामान्य कटकट आहे आणि तिचे मूळ जंगलातल्या यंत्राच्या निवडीत असते.

ओलाव्याबाबत वाहतूक आणि रसायनक्रिया यांच्या मागण्या एकमेकींच्या विरुद्ध आहेत. ताज्या तोडीच्या लाकडात वजनाने सुमारे निम्मे पाणी असते आणि डोंगरातल्या अरुंद रस्त्यांवरून पाणी वाहून नेण्याचा खर्च कोणालाच परवडत नाही. म्हणून ढीग काही महिने उन्हात ठेवून वाळू देतात. पण फार वाळलेल्या तुकड्याच्या पेशींमधून पाणी जाऊन तिथे हवा भरते, आणि पुढे पाचकपात्रात, म्हणजे लाकूड शिजवण्याच्या भांड्यात, रसायनाचे द्रावण आत शिरायचे तर आधी ती हवा बाहेर काढावी लागते. त्यासाठी वाफेत काही वेळ ठेवण्याचा एक जादा टप्पा येतो. उलटपक्षी, बारीक केलेला ओला माल ढिगात साठवला तर बुरशी व जिवाणू आधी सहज मिळणाऱ्या शर्करांवर ताव मारतात, ढीग तापतो आणि कोरड्या वजनाची घट होते. टोकाच्या परिस्थितीत ढीग आपोआप पेटल्याच्याही घटना उद्योगाला माहीत आहेत. म्हणून वाळवायचे ते अख्ख्या फांद्यांच्या स्वरूपात आणि बारीक करायचे ते नेण्याच्या सुमारास, हा क्रम महत्त्वाचा ठरतो.

चाळणी

या संपूर्ण साखळीत सर्वांत स्वस्त आणि बहुधा सर्वांत परिणामकारक यंत्र म्हणजे थरथरती चाळणी होय. बारीक केलेला माल सुमारे तीन मिलिमीटर छिद्रांच्या चाळणीवरून नेला की खाली जे पडते त्यात माती, सुयांचा चुरा आणि भुगा झालेली साल यांचा भरणा असतो, कारण साल लाकडापेक्षा ठिसूळ असते आणि हातोड्याखाली तिचे आधी पीठ होते. म्हणजे हातोड्यांच्या ज्या यंत्राला आपण ओबडधोबडपणाबद्दल दोष देतो तेच यंत्र नकळत साल वेगळी करण्याचे अर्धे काम करून ठेवते. वरची मोठ्या छिद्रांची चाळणी जाडजूड तुकडे अडवते आणि ते पुन्हा यंत्रात घालता येतात.

राखेची एवढी धास्ती का, हे समजण्यासाठी तिची रासायनिक बाजू पाहावी लागेल. मातीतील वाळू पंप आणि झडपा झिजवते हे तर उघडच आहे. त्याहून सूक्ष्म नुकसान सालीतील कॅल्शियम आणि पोटॅशियम करतात. हे क्षार आम्लाचे उदासीनीकरण करतात, म्हणजे पूर्वप्रक्रियेसाठी (विकरांच्या आधी लाकूड रसायनांनी सैल करण्यासाठी) घातलेल्या आम्लाचा काही भाग लाकडापर्यंत पोहोचण्याआधीच खर्ची पडतो. आम्लाची मात्रा ठरवताना वापरलेले गणित प्रयोगशाळेतील स्वच्छ चिप्सवर आधारलेले असेल, तर मळक्या मालावर तीच मात्रा कमी पडते आणि साखरेचा उतारा घसरतो. एरवी याचे खापर विकरांवर फुटते.

चाळणीतून पडलेल्या भुग्याबरोबर थोडे चांगले लाकूडही जाते, हा तिचा खर्च आहे. छिद्र मोठे केले तर राख अधिक निघते, पण शर्कराही अधिक जातात. छिद्र लहान ठेवले तर दोन्ही आत राहतात. सर्वत्र लागू पडेल असे एकच योग्य माप येथे नाही. भुगा बॉयलरमध्ये जाळून वाफ मिळवता येत असेल तर तो पूर्णपणे वाया जात नाही आणि मग चाळणी थोडी सढळ ठेवणे परवडते. असा बॉयलर कारखान्यात आहे की नाही यावर चाळणीच्या छिद्राचा आकार ठरावा, ही गोष्ट पाठ्यपुस्तकांत फारशी सापडत नाही.

एक चिप जवळून

सूचीपर्णी लाकूड हे मुख्यतः सुमारे तीन मिलिमीटर लांब आणि मिलिमीटरच्या तीस-चाळीस सहस्रांशांइतक्या रुंद अशा पोकळ पेशींचे बनलेले असते. या पेशी एखाद्या जुडीतल्या नळ्यांप्रमाणे खोडाच्या दिशेने रचलेल्या असतात आणि बाजूच्या सूक्ष्म छिद्रांनी एकमेकींशी जोडलेल्या असतात. द्रावण या नळ्यांच्या लांबीतून झपाट्याने शिरते, आडव्या दिशेने मात्र अतिशय सावकाश. म्हणूनच चिपची लांबी थोडी कमी-जास्त झाली तर चालते, पण तिची जाडी काही मिलिमीटरांपलीकडे गेली की बाहेरचा थर पूर्ण शिजतो आणि गाभा कच्चा राहतो. त्याच पात्रात असलेला भुगा तेवढ्या वेळात अतिशिजलेला असतो, त्याच्यातील शर्करा मोडून फर्फ्युरल आणि हायड्रॉक्सिमिथाइल फर्फ्युरल तयार झालेले असते आणि ही दोन्ही द्रव्ये पुढे यीस्टला मारक ठरतात. सरासरी आकार योग्य असूनही आकारांतील तफावत मोठी असेल तर एकाच घाण्यात दोन्ही दोष एकदम मिळतात.

मग सरळ सगळेच पीठ का करू नये? सेल्युलोजची स्फटिकी रचना मोडेपर्यंत लाकूड दळले तर रसायनांशिवायही विकर त्यावर काम करू शकतात आणि 'नारा'मध्ये या वाटेचाही अभ्यास झाला. अडचण विजेची आहे. कच्चे लाकूड तंतूंच्या पातळीपर्यंत बारीक करायला दर टनामागे काहीशे किलोवॅट-तास लागतात. हेच लाकूड आधी चिपच्या स्वरूपात रसायनांनी मऊ केले आणि नंतर दळले, तर लागणारी ऊर्जा जवळपास दहापट कमी होते, कारण पेशींना जोडून ठेवणारा लिग्निनचा थर तोवर सैल झालेला असतो. आधी शिजवा, मग दळा, हा या प्रकरणातील सर्वांत फायदेशीर निष्कर्षांपैकी एक आहे.

पूर्वप्रक्रियेची निवड

प्रकल्पाच्या सुरुवातीला चार पूर्वप्रक्रिया स्पर्धेत होत्या: सौम्य आम्ल, ओले ऑक्सिडीकरण, सौम्य बायसल्फाइट आणि 'स्पॉर्ल'. शेवटची पद्धत अमेरिकेच्या वनखात्याच्या मॅडिसन येथील वनोत्पादन प्रयोगशाळेत आणि विस्कॉन्सिन विद्यापीठात विकसित झाली होती. पुढे जाण्यासाठी ज्या दोन पद्धती निवडल्या गेल्या, त्या शेवटच्या दोन, म्हणजे सल्फाइट रसायनावर आधारलेल्या, होत्या.

यामागचे रासायनिक कारण स्पष्ट आहे. केवळ आम्ल वापरले की हेमिसेल्युलोज विरघळते, पण लिग्निन पुन्हा घट्ट होते. बायसल्फाइट असेल तर ते लिग्निनच्या नेमक्या त्या सक्रिय जागांवर सल्फोनिक गट बसवते, ज्या जागांवरून लिग्निन स्वतःशीच जुळले असते. असे लिग्निन पाण्याकडे ओढ घेते आणि त्याचा काही भाग लिग्नोसल्फोनेट म्हणून द्रावणात उतरतो. पेशीभित्तीत त्यामुळे जी पोकळी निर्माण होते ती काही नॅनोमीटर आकाराच्या विकरांना आत शिरायला पुरेशी ठरते. सगळे लिग्निन काढण्याची गरज नसते, फक्त वाट मोकळी व्हायला हवी.

दुसरे कारण तितकेच वजनदार होते आणि ते रसायनशास्त्राच्या बाहेरचे आहे. सल्फाइट पद्धतीने लगदा करणाऱ्या गिरण्या एका शतकाहून अधिक काळ चालत आल्या आहेत. आम्ल सोसणारी पात्रे, सल्फर डायऑक्साइड परत मिळवण्याची यंत्रणा आणि ती चालवणारे कुशल कामगार त्या उद्योगात आधीपासून आहेत. उड्डाणासाठीच्या लाकडावरील प्राथमिक प्रक्रिया वॉशिंग्टन राज्यातील कॉस्मोपोलिस येथील कॉस्मो स्पेशालिटी फायबर्स या कंपनीने केली, आणि ती मुळातच सल्फाइट लगद्याची गिरणी होती. नवी पद्धत शोधताना जुन्या यंत्रसामग्रीत बसेल अशी पद्धत निवडणे काहींना तडजोड वाटेल. मला तो या प्रकल्पाचा सर्वांत प्रौढ निर्णय वाटतो.

या निर्णयाची किंमत तापमानात मोजावी लागली. 'स्पॉर्ल'चे सुरुवातीचे प्रयोग १८० अंश सेल्सिअसला सुमारे अर्ध्या तासात उरकत, पण सल्फाइट गिरण्यांचे काम परंपरेने १५० अंशांच्या आसपास किंवा त्याखाली चालते. म्हणून तापमान १४५ अंशांच्या जवळ आणून वेळ काही तासांपर्यंत वाढवला गेला. यातून एक लाभही हाती आला. शर्करा मोडून फर्फ्युरल होण्याची क्रिया तापमानाला हेमिसेल्युलोज विरघळण्याच्या क्रियेपेक्षा अधिक संवेदनशील असते. त्यामुळे कमी तापमानाला जास्त वेळ शिजवले की विरघळण्याचे काम तेवढेच होते, पण मारक द्रव्ये कमी तयार होतात. पात्राच्या मर्यादेमुळे स्वीकारलेली अट यीस्टच्या पथ्यावर पडली.

विकर, आणि न धुण्याचा निर्णय

प्रयोगशाळेत पूर्वप्रक्रिया झालेले लाकूड सहसा भरपूर पाण्याने धुऊन मगच विकरांना देतात. कारखान्यात ते परवडत नाही, कारण धुण्याबरोबर विरघळलेली मॅनोजसारखी शर्करा वाहून जाते, ती परत मिळवायची तर पातळ द्रावण आटवावे लागते, आणि पाणी आटवण्यासाठी वाफ लागते. म्हणून द्राव आणि घन भाग वेगळे न करता सगळा राबडा एकत्रच पुढे नेण्याकडे कल राहिला. असे केल्याने लिग्नोसल्फोनेटही विकरांबरोबर राहते.

येथे एक अनपेक्षित गोष्ट उपयोगी पडली. सेल्युलोजचे विकर साधारणपणे ५० अंश आणि सामू (पीएच) ४.८ ते ५ या परिस्थितीत वापरण्याचा प्रघात आहे. मॅडिसनच्या प्रयोगशाळेतील कामातून असे दिसले की सल्फाइटने प्रक्रिया केलेल्या लाकडासाठी सामू ५.५ ते ६ च्या आसपास ठेवला तर साखर अधिक मिळते. सामू वाढला की लिग्निनच्या पृष्ठभागावरील ऋण भार वाढतो, विकर त्याला कमी चिकटतात आणि सेल्युलोजसाठी मोकळे राहतात. एका आकड्यातील हा बदल करायला जवळजवळ काहीच खर्च येत नाही, पण तो सुचण्यासाठी लिग्निनवर आधीच्या टप्प्यात काय घडले याची जाण लागते.

कागदावरचा हिशेब

पुढचा भाग थोडक्यात सांगता येईल. गेव्हो या कंपनीच्या यीस्टने शर्करेपासून आयसोब्युटेनॉल तयार केले. हे अल्कोहोल यीस्टला घातक असल्याने ते आंबवण चालू असतानाच सतत काढून घेतले जाते. नंतर त्यातील पाणी काढून, रेणू एकमेकांना जोडून आणि हायड्रोजन देऊन विमान-इंधनाच्या आकाराचे हायड्रोकार्बन बनवले गेले. आयसोब्युटेनॉलपासून केलेल्या अशा इंधनाला एएसटीएम या मानके ठरवणाऱ्या संस्थेच्या मानकात एप्रिल २०१६ मध्ये स्थान मिळाले होते.

आता जास्तीत जास्त किती मिळू शकते ते पाहू. एक टन कोरड्या लाकडात ६०० किलो बहुशर्करा धरल्या, तर पाण्याचा रेणू जोडला गेल्याने त्यांची सुमारे ६६० किलो साखर होते. ग्लुकोजच्या सहा कार्बनांपैकी दोन आंबवणीत कार्बन डायऑक्साइड म्हणून निघून जातात, त्यामुळे आयसोब्युटेनॉल वजनाने ४१ टक्के, म्हणजे २७० किलो मिळते. त्यातील पाणी काढल्यावर हायड्रोकार्बन उरते सुमारे २०५ किलो. कोणत्याही टप्प्यावर कणभरही नुकसान नाही असे मानले तरी ४,१०० लिटर, म्हणजे जवळपास ३,१०० किलो, इंधनासाठी निदान १५ टन कोरडे, स्वच्छ लाकूड लागते. प्रत्यक्षात लागणारे लाकूड याहून बरेच जास्त असणार, कारण चाळणीत, पाचकपात्रात, विकरांच्या टाकीत आणि आंबवणीत अशी प्रत्येक ठिकाणी गळती आहे, आणि एका टप्प्याची गळती दुसऱ्याच्या गळतीशी गुणली जाते.

या हिशेबातून दिसते की लाकडाच्या वजनाचा फार मोठा भाग इंधन होतच नाही. लिग्नोसल्फोनेटला काँक्रीटमध्ये पाणी कमी लागावे म्हणून आणि विखुरणारे द्रव्य म्हणून जुनी बाजारपेठ आहे, तर उरलेल्या घन लिग्निनपासून सक्रिय कार्बन करण्यावर 'नारा'ने काम केले. २०१४ च्या उत्तरार्धात खनिज तेलाचे भाव कोसळल्यानंतर केवळ इंधनाच्या विक्रीवर असा कारखाना उभा करणे अधिकच अवघड झाले आणि या सहउत्पादनांवरची मदार वाढली.

खरेदीचा प्रश्न

तांत्रिक बाजूने पाहता या प्रकरणाने सूचीपर्णी लाकडाच्या टाकाऊ भागातून वापरण्याजोगी साखर मिळवता येते हे पुरेशा मोठ्या प्रमाणावर दाखवून दिले. व्यापारी पातळीवर असा कारखाना उभारायचा झाल्यास सर्वांत आधी सोडवावा लागणारा प्रश्न कच्च्या मालाच्या कराराचा आहे. जंगलातील माल बहुधा कोरड्या टनावर विकला जातो आणि भट्टीत वाळवून केलेल्या या मोजणीत पाणी वजा होते, माती होत नाही. अशा करारात ढीग काळजीपूर्वक रचणाऱ्या आणि फांद्या जमिनीवरून न ओढता उचलून आणणाऱ्या ठेकेदाराला काही जास्त मिळत नाही, तर मातीसकट माल भरणाऱ्याला मातीचेही पैसे मिळतात. राखेच्या प्रमाणावर भाव कमी-जास्त करण्याची अट घातली, तर प्रत्येक ट्रकमधून नमुना घ्यावा लागतो आणि मुठीएवढे तुकडे, काटक्या व पीठ एकत्र असलेल्या मालातून प्रातिनिधिक नमुना काढणे हेच मुळात कठीण असते. त्यापेक्षा चाळणी रस्त्याकडेच्या तळावरच बसवावी, भुगा तिथेच सोडावा आणि चाळणीवर राहिलेल्या मालाचेच वजन मोजावे, हा मार्ग मला अधिक व्यवहार्य वाटतो. यात यंत्र एका तळावरून दुसऱ्या तळावर हलवण्याचा खर्च वाढतो आणि बॉयलरला मिळणारा भुगा हातचा जातो, पण माती जंगलातच राहते आणि तिच्या वाहतुकीचे भाडे वाचते.